निळ्याखालचं नाव

"मॅडम, लाल म्हणजे नेमका कोणता लाल?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो १९९३च्या मे महिन्यात, सकाळी सात वाजता, कॉलनीतल्या नळापाशी. माझ्या कमरेवर भरलेली कळशी होती आणि विचारणारा होता शेजारचा हिरामण पगारे. त्याच्या हातात इंग्रजी मासिकाचं फाटकं पान होतं. पानावर लांबोळक्या नाकाची, उघड्या चाकांची, कुठल्यातरी परदेशातली जुनी शर्यतीची गाडी आणि तिच्याखाली चार ओळी. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, तेव्हा ओळींचा अर्थ मी सांगायचा, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. मी वाचून सांगितलं, गाडी लाल होती म्हणून. तर म्हणे, "ते दिसतंय हो. पण कोणता लाल?"

"टोमॅटोसारखा," मी वैतागून म्हटलं आणि घरात गेले. संध्याकाळी हा दारात हजर. हातात पत्र्याचे पाच तुकडे, पाचही लाल रंगवलेले, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. "यातला तुमचा टोमॅटो कोणता?"

त्या दिवसापासून ही पीडा माझ्यामागं लागली. पुढं कित्येक वर्षं होती, आणि खरं सांगायचं तर मला ती हवीहवीशी वाटत होती. पण हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

हिरामण अंबडच्या एका कारखान्यात रंगकामाच्या खात्यात होता. नव्या गाडीच्या रंगाला कुठं ओरखडा गेला असेल तर तो बुजवायचा, हे त्याचं काम. असा बुजवायचा, की इथं कधी काही झालं होतं हे गाडी घेणाऱ्याच्या सात पिढ्यांना कळू नये. दिवसभर लपवाछपवी करून घरी आला की मात्र हा माणूस जे लपलंय ते उकरायला बसायचा. शिवणीच्या लाकडातून हातभर लांब गाडी कोरायची, दूध पावडरीच्या डब्याचा पत्रा वरून मढवायचा, सायकलच्या तारांची चाकं करायची, जुन्या चपलेच्या रबराचे टायर. हे सगळं दोन महिन्यांत व्हायचं. मग रंगाला वर्ष लागायचं.

त्यानं जन्मात एकही मोटारींची शर्यत पाहिली नव्हती. मी एकदा विचारलं, "तुम्हाला त्या शर्यतीचं एवढं काय वेड?" तो म्हणाला, "शर्यतीचं कुठं? कोण जिंकलं ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. रंग कसा होता ते कुणी नीट लिहिलं नाही. म्हणून."

मग मी त्याच्या वतीनं इंग्रजीत पत्रं लिहायला लागले. परदेशातले क्लब, म्हातारे मेकॅनिक, संग्रहालयं, जिथला म्हणून पत्ता रद्दीतल्या मासिकांत सापडेल तिथं. त्या काळात देशाप्रमाणं गाड्यांचे रंग ठरलेले असत, हे मला त्याच्यामुळं कळलं. इटलीची लाल, फ्रान्सची निळी, इंग्लंडची हिरवी. पण "हिरवी" एवढ्यावर त्याचं कुठलं भागायला! त्यानं छापील चित्र बघून एक इंग्रजी गाडी कैरीसारखी हिरवीगार रंगवली होती. चार महिन्यांनी इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्यानं पत्राचं उत्तर पाठवलं आणि पाकिटात कागदाच्या घडीत नखाएवढा रंगाचा टवका. खऱ्या गाडीचा. तो जवळजवळ काळा होता. हिरामण तो टवका चिमट्यात धरून आधी उन्हात उभा राहिला, मग कडुलिंबाच्या सावलीत, मग आमच्या घरात येऊन ट्यूबलाइटखाली. मग घरी जाऊन त्यानं आठ महिन्यांचं काम पॉलिश पेपरनं घासून काढलं. त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्याकडं येऊन रडल्या. मी त्याला चार शब्द सुनावले. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, आजपासून पुरावा नाही तर रंग नाही."

आणि त्यानं ते पाळलं. रंगांना त्याची स्वतःची नावं होती: "एसटी, नवी", "एसटी, तीन उन्हाळे खाल्लेली", "एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीचा पट्टा, पावसाळा संपल्यावर". पुढं नाशिकरोडला सायबर कॅफे निघाले तेव्हा मला वाटलं, सुटले. कसलं काय! एकच गाडी एका कॅफेत नारिंगी दिसली, दुसऱ्यात गुलाबी. हिरामणनं आपला रंगवलेला पत्रा पडद्याला लावून बघितला आणि कॅफेवाल्यानं आम्हा दोघांनाही बाहेर काढलं. शाळेतली दोन मुलं तिथं बसली होती. माझी काय अब्रू राहिली असेल ती तुम्हीच बघा.

२००३ च्या दिवाळीत एका स्थानिक पेपरनं त्याच्यावर चार ओळी छापल्या, फोटोसकट. त्यानंतर पंधरा दिवसांनी नांदगावहून पोस्टकार्ड आलं. अक्षर नीटनेटकं, बारीक.

"जय भीम. आमचे यजमान रावजी मिस्त्री यांनी १९६२ साली देवळालीत एका शेठसाठी शर्यतीची गाडी बांधली. तिच्यावर त्यांचं नाव लिहिलेलं होतं. येत्या मार्चमध्ये त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या फोटोशेजारी ती गाडी ठेवायची आहे, नावासकट. तुम्ही करून द्याल का? वत्सलाबाई. लिहिणार, सून पायल."

हिरामणनं ते कार्ड तीनदा वाचलं. आजवर त्याच्या सगळ्या गाड्या सातासमुद्रापलीकडच्या. ही आपल्या देवळालीतली, आणि बांधणारा आपल्यातला! रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही नांदगावला गेलो. मला न्यायचं काही कारण नव्हतं, तिथं इंग्रजी कोण बोलणार होतं? पण मीही विचारलं नाही.

वत्सलाबाई साठी ओलांडलेल्या, किडकिडीत. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यानं माणूस उभा आहे एवढं दिसायचं. त्यांनी उशाखालच्या पिशवीतून एक फोटो काढून दिला. काळापांढरा. मुंबईत जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर, शर्यतीच्या दिवशी काढलेला. पांढऱ्या पँटीतले शेठ गाडीला टेकून उभे, बाजूला गोलात १४ आकडा. रावजी मिस्त्री फोटोत नव्हते.

"निळी होती," वत्सलाबाई म्हणाल्या. "लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. मुंबईला न्यायच्या आदल्या दिवशी मला घिऊन गेले शेडात. म्हणले, बघ, पर हात लावू नको, अक्षरं वली हायेत. दोन शब्द होते. मला वाचता येत नाय. म्हणून बोट धरून सांगितलं, ह्यो रावजी. म्हणलं, आन् ह्यो दुसरा? तर हसले. म्हणले, शर्यत झाल्यावर सांगतो."

"मग सांगितलं?"

"नाय. शर्यत झाली, मी इचारलं, तर म्हणले, ऱ्हाऊ दे. मग नाय इचारलं."

तेवढ्यात त्यांचा मुलगा लखन बाहेरून आला. बाजार समितीत मापारी होता. त्यानं कपाटातून एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढून आमच्यापुढं ठेवली. शेठच्या घरच्यांनी त्यांच्या दहाव्या पुण्यतिथीला छापलेली. त्यात तोच फोटो, आणि खाली, "स्वतःच्या हातांनी बांधलेल्या गाडीसह."

"आई म्हणती, दादांनी बांधली, नाव व्हतं," लखन म्हणाला. "लहानपणापासून ऐकतोय. पर फोटोत कुठं हाय नाव? तुम्हीच बघा. लोकं हसत्यात आम्हाला. आता पंचवीस वर्षांनी त्या गाडीवर नाव लिहून मांडली, तर म्हणतील म्हातारीनं लिहून घेतलं."

वत्सलाबाई नुसत्या हिरामणच्या दिशेनं बघत बसल्या. हिरामणनं भिंग काढलं, फोटो दारात उजेडाला धरला आणि बराच वेळ बघितला. गाडीची अख्खी बाजू स्वच्छ दिसत होती. आकडा होता. नाव नव्हतं.

"मावशी, मी गाडी करतो," तो शेवटी म्हणाला. "नावाचं बघू."

परतीच्या गाडीत मी त्याच्यावर घसरले. "लिहा ना एक नाव! तुमच्या बापाचं काय जातंय? कोण येणार आहे तपासायला?"

"नसताना लिहू?"

"त्या बाईनं डोळ्यांनी बघितलंय."

"फोटोनंही बघितलंय. मॅडम, मी पुराव्याशिवाय नाव लिहिलं, तर ती पुस्तिका आणि माझी गाडी यात फरक काय राहिला?"

मी मनमाडपासून नाशिकरोडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. इतका राग मला त्याचा त्याआधी कधी आला नव्हता.

डिसेंबरात गाडी बांधून झाली. प्रायमर लागला आणि काम अडलं. निळी, पण कोणती निळी? शर्यतींच्या क्लबांना मी लिहिलेल्या पत्रांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मग हिरामणनं नांदगावला कार्ड टाकलं: त्या गाडीचं काही उरलंय का? एखादा स्क्रू, एखादा तुकडा? उलट टपाली पायलचं उत्तर आलं. शर्यतीनंतर दोन वर्षांनी गाडी आपटली, शेठनी भंगारात टाकली. तिच्या बाजूचा एक पत्रा दादांनी घरी आणला होता. तो हल्ली पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून आहे.

"आधी का नाही सांगितलं?" जानेवारीत पुन्हा नांदगावला गेल्यावर मी विचारलंच.

"तुम्ही इचारलं नाय," वत्सलाबाई म्हणाल्या.

पत्रा दोन हात लांब, एका कडेला दुमडलेला. त्यावर घराच्या दाराला दिलेला हिरवा ऑइलपेंट, तोही पोपडे धरलेला. हिरामणनं तो अंगणात खाटेवर आडवा ठेवला, बाजूला पाण्याची बादली घेतली आणि बाह्या सरसावल्या. मी त्याला कारखान्यात काम करताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. आधी कोपऱ्यात रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं ओली करून घासली. एकात एक गोल कडी उमटली. सगळ्यात बाहेर हिरवी, मग निळी, मग तांबूस प्रायमर, मधोमध चकचकीत पत्रा. "निळा," तो म्हणाला. "इस्त्रीवाल्याच्या निळीपेक्षा गडद." त्यानं आपले रंगवलेले तुकडे शेजारी लावून बघितले, चौथा जुळला. आमचं काम खरं तर इथंच झालं होतं.

पण तो उठला नाही. थिनरमध्ये फडकं बुडवून त्यानं वरचा हिरवा रंग हळूहळू पुसून काढायला घेतला. तास-दीड तास गेला. खालून निळा पत्रा उघडा पडत गेला, चाळीस वर्षांनीही काचेसारखा. आणि मग मधोमध एका आडव्या ओळीत त्या निळ्याला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. वीतभर सुरकुत्या, मग चार बोटं गुळगुळीत, मग पुन्हा वीतभर.

हिरामणचा हात थांबला. मी म्हटलं, "काय झालं?"

"अशा सुरकुत्या आमच्याकडं नव्या पोरांच्या हातून पडतात," तो हळू आवाजात म्हणाला. "खालचा रंग पुरता वाळायच्या आत वरून दुसरा हात दिला, की खालचा फुगतो."

त्यानं पहिल्या सुरकुत्यांवर ओला पेपर अगदी फुंकर घातल्यासारखा फिरवला. निळ्यातून दुधाळ पिवळा रंग वर आला. एक काना. मग त्याच्या डावीकडं एक वळण. शाळेत पहिलीचं पोरही वाचेल असा "रा". मग "व". तोवर लखन बाजारातून येऊन आमच्या मागं उभा राहिला होता. त्यानं ती दोन अक्षरं मोठ्यानं वाचली. डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

"हाय का?" वत्सलाबाईंनी उंबऱ्यातून विचारलं. "का गप झाले समदे?"

"आहे, मावशी," हिरामण म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. पुढचं सांगू नका, असं मी डोळ्यांनी सांगितलं, हातानं खुणावलंही. नाव होतं, एवढं त्या बाईला पुरे होतं. पण हा माणूस खोटं बोलणारा नव्हता आणि अर्धं खरं बोलणाराही नव्हता.

"पण मावशी, त्यावर एक निळा हात आहे. अक्षरं ओली असतानाच दिलेला. म्हणजे तुम्ही बघून आलात त्यानंतर, गाडी मुंबईला जायच्या आधी. शर्यतीत ते नाव दिसत नव्हतं."

शेठनी बघितलं असणार आणि पुसायला लावलं असणार. शेठच्या गाडीवर मिस्त्रीचं नाव, आणि मिस्त्री तरी कोण, तर आमच्यातला! हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिथं ते कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मात्र अंगाची आग झाली.

वत्सलाबाई म्हणाल्या, "त्या दिशी सांजच्याला घरी आले, तर हात निळे. मी म्हणलं, रंग तर कवाच झाला, आज हात कशानं भरले? म्हणले, एक जागा ऱ्हायली व्हती." त्या उठल्या, चाचपडत खाटेपाशी आल्या आणि त्यांनी पत्र्यावर बोटं ठेवली. पहिल्या सुरकुत्या, गुळगुळीत जागा, दुसऱ्या सुरकुत्या. "म्हंजी पुसलं बी त्यांनीच. आन् मला सांगितलं नाय. एकट्यानंच गिळलं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. लखननं पुढं होऊन आईला धरलं.

हिरामणनं नवा पेपर बादलीत बुडवला. दुसरा शब्द अजून निळ्याखाली होता. पाच मिनिटांचं काम. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ओळखीचं होतं. दहा वर्षं मी तेच बघत आले होते. त्याला आता जग बुडालं तरी चाललं असतं, पण तो शब्द बघायचा होता. मलाही बघायचा होता, खोटं कशाला बोलू!

त्याचा हात पत्र्याला लागला तसा वत्सलाबाईंनी मनगट धरलं.

"बास."

"मावशी, फक्त दुसरा शब्द..."

"वरला रंग बी त्यांचाच हात हाय ना? मंग तो कशापायी खरवडता? एकडाव त्यांना पुसायला लागलं. आता त्यांचं पुसलेलं तुम्ही नका पुसू."

हिरामण थांबला. पेपरमधलं पाणी त्याच्या कोपरावरून ओघळत होतं. मग त्यानं पेपर पिळला आणि बादलीच्या काठावर ठेवला. मी त्याला इंग्लंडच्या टवक्यासाठी आठ महिन्यांचं काम घासून काढताना बघितलं होतं. तेव्हा त्याला इतका त्रास झाला नव्हता.

"मग गाडीवर काय करू?" त्यानं विचारलं.

"जसं व्हतं तसं. नाव लिवा आन् वरून निळा हात द्या. लिवलेलं नाव कुणी बी खोटं म्हणंल. पुसलेलं कोण खोटं लिवतंय?"

लखन म्हणाला, "तसंच करा, काका."

आता खरी पंचाईत होती. पहिला शब्द ठाऊक होता. दुसऱ्याची फक्त लांबी ठाऊक होती, रावजीएवढीच. जसं होतं तसं करायचं, तर निळ्याखाली दोन शब्द हवेत, आणि दुसऱ्याला पुरावा नाही. घरी येऊन हिरामण महिनाभर नुसता त्या गाडीकडं बघत बसला. वहिनी म्हणायच्या, जेवणावर लक्ष नाही. मी चेष्टेनं म्हटलं, "लिहा 'मिस्त्री'. बसतंय लांबीत." तो म्हणाला, "मिस्त्री लिहिलं असतं तर हसून का सांगितलं असतं, शर्यत झाल्यावर सांगतो म्हणून?" ते मलाही सुचायला हवं होतं.

एका रविवारी मी गेले तर गाडी निळी होऊन वाळत होती. बाजूला, जिथं हवं तिथं, दोन बारीक सुरकुतलेल्या पट्ट्या. खाली काय लिहिलं ते त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सांगायला पाहिजेच असं नव्हतं.

मार्चमध्ये नांदगावला माणसं बरीच जमली. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं. रावजींच्या फोटोशेजारी गाडी, आणि भिंतीला टेकवून तो पत्रा, "राव" एवढंच उघडं असलेला. येईल त्याला लखन स्वतः हाताला धरून पत्र्यापाशी नेत होता आणि सांगत होता. शेठची पुस्तिका मला कुठं दिसली नाही.

गर्दी कमी झाल्यावर वत्सलाबाईंनी हिरामणला जवळ बसवलं. गाडी मांडीवर घेतली आणि अंगठा आधी पहिल्या पट्टीवरून फिरवला, मग दुसऱ्या.

"इथं काय लिवलं?"

हिरामण वाकला आणि त्यांच्या कानात एक शब्द बोलला. मला तो जेमतेम ऐकू आला: त्यांचंच नाव, मागं 'बाई' न लावता. लग्नानंतर त्यांना त्या शब्दानं हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते भिंतीवरच्या फोटोत होतं.

"तुम्हाला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या.

"पुरावा नाही, मावशी. पण त्यांच्या जागी मी असतो तर हेच लिहिलं असतं."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलताना बघून पायल पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. पण त्या रडत नव्हत्या. नव्या नवरीनं लाजून हसावं तशा त्या हसत होत्या.